गाठींचं प्रकरण

अमेरिकावाले सर अमेरिकेला कधी गेले नाहीत. चंद्रपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांवर पुस्तक लिहायला घेतलं. टायपिंगला माझ्या दुकानात आले, कारण मी अक्षराबद्दल कुरकुर करत नाही, असं त्यांचं म्हणणं. कुरकुर मी करत होते. त्यांना कमी ऐकू यायचं.

शपथपत्रं करायला आलेले लोक त्यांची गंमत करत. "सर, न जाताच लिवून राह्यले काजी?" सर चष्मा पुसत म्हणत, "अकबराले तरी कोन भेटून आला?"

एक खोड होती. प्रत्येक प्रकरण टाइप झालं की ते कुरखेड्याकडच्या एका जंगलातल्या गावात जाऊन वाचून दाखवत. "ज्यांचं जंगल गेलं त्यांच्याबद्दल लिहितो, तर ज्यांचं आहे त्यांना नको विचारायला?" एकदा मीही सोबत गेले. प्रकरण पेरू देशातल्या जुन्या राज्याचं होतं. तिथे लिपी नव्हती, दोरीला गाठी मारून नोंदी ठेवत. शेवटी सरांनी लिहिलं होतं, गाठी वाचणारं माणूस आता जगात उरलं नाही.

मोहफुलं निवडणारी एक म्हातारी हसली. "मी हावो नं, भाऊ. आमच्यात लगनाचं बोलावनं दोरीनंच येते. रोज एक गाठ सोडाची. सरल्या का निंगाचं."

दुसऱ्या दिवशी छापायला तयार असलेलं ते प्रकरण त्यांनी मागे घेतलं. मी चिडले. "एक वाक्य खोडा नं, सर. अख्खं काऊन?"

"वाक्य नाई, बाई, मी चुकलो. ती माणसं संपलीच, असं धरून लिहीत होतो."

नवं प्रकरण अर्धं झालं आणि त्यांना ऑपरेशनसाठी मुलीकडे नागपूरला जावं लागलं. जाताना फाइलची सुतळी माझ्या टेबलावर ठेवली. तिला एकवीस गाठी. "सरल्या का येतो. फाइल कोणाला देऊ नका."

मी असल्या गोष्टींत रमणारी बाई नाही. तरी रोज शटर उघडलं की एक गाठ सोडायचे. सहा उरल्या असताना मुलीचा फोन आला. सर गेले होते.

ते अर्धं प्रकरण वगळून पुस्तक छापू या का, असं मुलगी विचारत होती. मी थांबा म्हणत होते. उन्हाळ्यात फाइल घेऊन कुरखेड्याकडे गेले. म्हातारीला अर्धं प्रकरण वाचून दाखवलं, पुढचं ती सांगत गेली, मी लिहून घेतलं. निघताना सुतळी तिच्या हातात दिली. सर गेल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं.

तिने बोटांनी गाठी चाचपल्या.

"सा दिस हायेत आनखी," ती म्हणाली. "येतीन भाऊ."