रामभाऊंच्या कापसाचं जॅकेट

“घालून दाखव ताईले,” रामभाऊ म्हणाले. त्यांच्या मुलीनं, वैष्णवीनं, पिशवीतून जे बाहेर काढलं ते जॅकेट म्हणजे बाह्या लावलेली रजई होती. ती ते घालून माझ्या दुकानाच्या मधोमध उभी राहिली, तेव्हा तिचे हात अंगाला टेकेनात.

मी अमरावतीत खेळाच्या कपड्यांचं दुकान चालवते. त्याआधी वीस वर्षं एका गारमेंट फॅक्टरीत क्वालिटी चेकर होते. परदेशी जाणारी जॅकेटं उलटी करून चुका शोधायच्या, हे माझं काम. ती खोड अजून गेलेली नाही. लग्नात नवरीच्या शालूआधी मला तिच्या ब्लाउजची शिवण दिसते.

वैष्णवी कॉलेजात होती, एनसीसीची कॅडेट. गुलमर्गच्या स्की कोर्ससाठी तिची निवड झाली होती. स्की म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं. जॅकेट स्वतःचं न्यायचं होतं. निवडीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की पहिल्या दिवशी किट तपासू. चालणारं नसेल तर उतारावर सोडणार नाही. अंजनगाव सुर्जीजवळच्या तिच्या गावातून इतक्या लांब एकटी गेलेली मुलगी आजवर कोणी नव्हती. घरी आजी नाही म्हणत होती, काका नाही म्हणत होते. बाप तेवढा पाठीशी होता. पण त्याची एक अट होती: पोरगी त्यानं बनवून घेतलेलं जॅकेट घालूनच जाईल.

“आपल्याच वावरातला कापूस हाय ताई,” रामभाऊ सांगू लागले. “अकोल्याले जुन्या शहरात आमच्या ओळखीचा पिंजारी हाय, त्याच्याकून पिंजून आनला. गावातल्या टेलरनं शिवलं. आता थंडीची काय बिशाद! तुमी फक्त वरून एक चांगली चेन लावून द्या.”

कापूस पिकवणारा माणूस असाच विचार करणार. जाड ते गरम, हा आमच्या वऱ्हाडातला हिशोब. आमच्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीवर, आणि तिथं कोणी जॅकेट घालून जात नाही.

मी लगेच माझं शहाणपण सुरू केलं. दिल्लीहून दोन सॅम्पल जॅकेटं मागवली होती, ती काढली. लेबल दाखवलं. वॉटरप्रूफ, दहा हजार मिलिमीटर. म्हणजे कापडावर नळी उभी धरून तिच्यात पाणी भरलं, तर दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाबही ते कापड सोसतं. तीन मजली घराएवढं पाणी!

“तिथं बर्फात विहीर हाय का ताई?” रामभाऊंनी विचारलं.

मग त्यांनी जॅकेटचं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. आत पॉलिएस्टरचं पातळ फिलिंग होतं. “हा तं रेनकोट हाय. याच्यात पोरगी काकडून मरन.”

“बाबा, पत्रात लिवलं हाय ना, कापसाचं चालत नाही म्हनून,” वैष्णवी हळूच म्हणाली.

“पत्र लिवनाऱ्यानं कापूस पाह्यला हाय का?” त्यांनी पिशवी उचलली. “राहू द्या मंग. जायचंच नाही. घरचे म्हन्तेतच.”

वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला, तो माझाच. जन्मभर कापूस हाताळलेल्या माणसाला मी मिलिमीटर शिकवत बसले होते. त्याला विचारायला हवं होतं.

“रामभाऊ,” मी म्हटलं, “ओला कापूस मार्केटात नेला तं व्यापारी काय करते?”

“काय करते! आत हात घालते. सरकी दातानं फोडून पाहते. कट्ट वाजली नाही, का गाडी वापस.”

“काहून?”

“कापूस ओल धरून बसते न ताई. वरून वायलेला दिसते, आतून ओलाच.”

“अन् बर्फ म्हन्जे काय हाय? पानीच. शिकनारी पोरगी पडनच. अंगाच्या गरमीनं बर्फ वितळन. ते पानी कोन पिईन?”

मी मागून बादली आणली. माझा विचार होता, कापसाचा एखादा बोळा भिजवून दाखवू. रामभाऊंनी पोरीच्या अंगातलं जॅकेट उतरवायला लावलं आणि त्याची एक बाही स्वतःच्या हातानं बादलीत बुडवली. इतक्या हौसेनं शिवून घेतलेली वस्तू.

ती पिळून त्यांनी हातात चढवली. त्यांच्या दुसऱ्या हातात मी सॅम्पलची बाही चढवली आणि तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ते अळवाच्या पानावरून जावं तसं घरंगळून गेलं. मग टेबल फॅन लावला. डिसेंबरचा महिना. पाच मिनिटांत रामभाऊंच्या एका हातावर काटा आला, बोटं आखडली. दुसरा हात जसाच्या तसा.

“बंद करा,” ते म्हणाले. ओली बाही त्यांनी हातातून ओढून काढली. “पोरीले मी ओलं बांधून धाडून राहिलो होतो.”

पुढचं काम सोपं होतं. दोन्ही सॅम्पल मी उलटी केली. पहिल्याला बाहेर लेबल मोठं, पण आत शिवणीवर टेप नव्हती. सुई जिथं जिथं जाते तिथं भोक पडतं. ते आतून टेपनं बंद केलं नाही, तर वॉटरप्रूफ कापड म्हणजे चाळणी. ते बाजूला टाकलं. दुसऱ्याला टेप होती. घाम बाहेर जायला काखेत झिप होती. कमरेला आतून इलॅस्टिकचा पट्टा होता, म्हणजे पडल्यावर बर्फ पाठीवर चढत नाही.

“आता निंदाले बसल्यावानी वाक,” मी वैष्णवीला सांगितलं. ते जॅकेट घालून ती वाकली आणि पाठ उघडी पडली. मग आत स्वेटर मावेल असा एक साइज मोठा मागवला. आत कापसाची बनियनसुद्धा नको, हेही बजावलं. ती घाम धरून ठेवते.

“म्हन्जे आपला कापूस बिनकामाचाच,” रामभाऊ म्हणाले.

“खोलीत घालीन ना बाबा. कोरड्यात,” वैष्णवी म्हणाली. तेव्हा कुठं ते हसले.

कोर्सच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “ताई, पोरगी पडली!”

“अगं माय! कितीक लागलं?”

“लागलं कुठं! बावीस डाव पडली म्हन्ते. मोजून राहिली होती. पन आतून कोरडी ठणठणीत! बाकीच्या पोरी जॅकेटं भिजली म्हनून खोलीत बसल्या म्हन्ते, आपली वैष्णवी अजून उतारावरच हाय!”

कोर्स पुरा करून ती परत आली. तिच्या चुलतबहिणीनं आता एनसीसीत नाव दिलंय, आणि या वेळी आजी काही बोलली नाही म्हणतात.

वीस वर्षं जॅकेटं तपासून जो नियम मला कोणी शिकवला नव्हता, तो त्या फोनवर कळला. जॅकेट पडणाऱ्यासाठी निवडायचं. न पडणाऱ्याला स्वेटरही पुरतो.