साठ यार्डांवरचा कलहंस

चौकीच्या टेबलावर मेलेला पक्षी होता. एका बाजूला बंदूकवाले साहेब, तारापूरच्या बांधकामावरच्या एका ठेकेदार कंपनीचे चीफ इंजिनिअर. दुसऱ्या बाजूला जवळच्या दांडी गावची देवकीबाय, सुकी मासळी विकणारी. रडून तिचे डोळे लाल झाले होते.

फौजदार म्हणाले, “डॉक्टर, हा रानटी की पाळीव, तेवढं लिहून द्या.”

पासष्ट सालचा मे महिना. मी पालघरला गुरांचा डॉक्टर होतो. साहेबांनी खाडीकाठी हा पक्षी मारला आणि देवकीबायने तो उचलून घरी नेला. साहेबांनी थेट चोरीची तक्रार दिली. ‘रानटी’ लिहिलं तर ती चोर ठरणार. ‘पाळीव’ लिहिलं तर माझी बदली, असं माझ्या वरिष्ठांनी फोनवर प्रेमाने सुचवलं होतं.

साहेबांनी इंग्रजी पुस्तक उघडलं. “ग्रेलॅग गूज. फील्ड मार्क्स बघा. करडी पाठ, गुलाबी पाय, जाड चोच.”

ग्रेलॅग म्हणजे आपला कलहंस. फील्ड मार्क्स म्हणजे लांबून पक्षी ओळखायच्या खुणा. त्या जुळत होत्या. जुळणारच, कारण करडे पाळीव हंस त्याच्याच वंशातले.

“साहेब, कलहंस थंडीपुरता येतो. मे महिन्यात कसा?”

“मागे राहिला असेल.”

“पोट केवढं लोंबतंय!”

“वेल फेड.”

“बसलेला मारलात?”

साहेब भडकले. “उडता! साठ यार्डांवरून! क्लबात विचारा कोणालाही.”

मी पंख उलगडले. उजव्या पंखाची मोठी पिसं कातरीने सरळ कापलेली होती. असा पक्षी फार तर कुंपणावर चढेल.

“मीच कापली, डाक्टर,” देवकीबाय म्हणाली. “उडून जाऊ नाय म्हणून. माजे घरचाच हाय तो. हाक मारली की यायचा.”

फौजदार छताकडे बघू लागले.

साहेब हळूच म्हणाले, “डॉक्टर, पंखांचं रिपोर्टात नको.”

“मग तक्रारही नको.”

साहेबांनी तक्रार मागे घेतली. देवकीबाय पक्षी पदरात घेऊन गेली. तिची कोणी माफीसुद्धा मागितली नाही, आणि मीही गप्प बसलो. त्याची लाज आजही वाटते.

क्लबातला कलहंस पुढे ऐंशी यार्डांवर गेला म्हणे. महिन्याभरात माझी बदली मोखाड्याला झाली. मी तर अहवालाची एक ओळही लिहिली नव्हती.

नव्या डॉक्टरांना म्हणून सांगतो, बदली व्हायचीच असेल तर निदान अहवाल तरी लिहून घ्यावा.