अर्ध्या भाकरीचं गणित

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी पाथर्डीकडच्या एका शाळेत इतिहास शिकवते. गणिताचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि सातवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं. हेडसर म्हणाले, "मॅडम, शिकवायचं काम अ‍ॅपचं. तुम्ही नुसतं लक्ष ठेवा." आमची बरीच मुलं दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, गणितं सोडवायची, अडलं तर ग्रूपवर विचारायचं. कल्पना वाईट नव्हतीच. प्रशिक्षणातही सांगितलं होतं — शिक्षक आता सुलभक. त्यानं उत्तर द्यायचं नाही, मुलांना शोधायला लावायचं.

माझ्या किती सोयीचं होतं ते! झाकली मूठ सव्वा लाखाची. कारण मला गणित येत नव्हतं — म्हणजे नियम यायचे, पण त्यांच्यामागचं 'का' नाही. ग्रूपवर कुणाचा प्रश्न यायचा. मग मी लिहायची, "स्वतः शोध, बाळा." मुलं कुठून कुठून शोधायची. हेडसर खूश, मीही खूश.

मग अश्विनीनं विचारलं. ती संगमनेरच्या बाजूला, उसाच्या फडाजवळ, पाचटाच्या खोपीत आईवडिलांबरोबर राहत होती. तिनं बोलून पाठवलं होतं, मागे वारा घोंगावत होता. "मॅडम, अपूर्णांकानं भागताना दुसरा उलटा का करायचा? मी भाकरीवर करून पाह्यलं. अर्ध्या भाकरीला चतकोरानं भागलं तर उत्तर दोन येतंय. पन भाकर तर अर्धीच हाय ना? मंग दोन कुठून आले?"

मी व्हिडिओ परत परत बघितला. 'उलटा करा आणि गुणा' — एवढंच होतं त्यात. आता?

आणि मी काय केलं — सांगते, सांगते. "स्वतः शोध" म्हणून भागलं असतं. पण ही पोरगी चिवट, पुन्हा विचारणार. ग्रूपवर हेडसरही होते. त्यांनीच म्हटलं असतं तर, "मॅडम, सांगा की तिला"? म्हणून मी सगळ्यांसमोर लिहिलं, "बाकीच्यांना समजलं, तुलाच कसं समजत नाही? भाकरीचे खेळ बंद कर. व्हिडिओ नीट बघ."

बाकीच्यांना समजलं होतं का? मी कुणालाच विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं तो प्रश्न ग्रूपवरून काढून टाकला. मला वाईट वाटलं असेल, असं वाटतंय तुम्हाला? नाही. हायसं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

पुढे एकदा शाळेत डबा उघडला, अर्धी भाकरी मोडली आणि हातातला घास हातातच राहिला. अर्ध्या भाकरीत चतकोर किती बसतात? दोन! दोन भाकरी नव्हेत — दोन चतकोर. पोर अगदी उत्तराच्या दारापर्यंत येऊन थांबली होती, माझ्या एका वाक्यासाठी. तेव्हा तरी फोन करायचा ना? पण मग आधीचं चुकलं हे कबूल करावं लागलं असतं. नाही केला.

अश्विनी ग्रूपवर परत बोलली नाही. व्हिडिओही बघेनाशी झाली. तोड संपून माणसं गावी परतली, तेव्हा तिची आई एकटीच शाळेत आली, पोरीचा दाखला मागायला. पोरीनं सांगितलं असेल का हिला? आता बोलेल का सगळ्यांसमोर?

"पोरगीच नको म्हनती," आई म्हणाली. "म्हनती, समद्यांना समजतं, मलाच डोकं न्हाई. आता येईल आमच्यासंगं ऊस तोडायला." मग तिनं माझ्यापुढे हात जोडले. "तुमी लई जीव लावला, मॅडम. आमच्याच पोरीचं डोकं कमी पडलं."

शेजारी हेडसर बसले होते. मी म्हणाले, "असतं एखाद्याचं तसं."