एनुंगच्या घरी शिळं वाढत नाहीत

बांडुंगच्या एका प्रयोगशाळेत एनुंग सुर्याती पेशी वाढवते. त्यांना ती ‘पोरं’ म्हणते. सकाळी आल्या आल्या आधी पोरांना ताजं पोषणद्रव, मग स्वतःला चहा. तिच्या घरी पाहुण्याला कालचं वाढत नाहीत. इथेही तोच रिवाज.

अलीकडे तिच्याकडे कमी ऑक्सिजनची पेटी आली, तात्पुरती. ऑक्सिजन कमी पडला की स्नायूची पेशी आपले बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जेच्या भट्ट्या, स्वतःच पचवून टाकते. ठेवल्या तर त्या धुमसत राहतात आणि पेशीलाच पोळतात. सूक्ष्मदर्शकाखाली कामातल्या भट्ट्या हिरव्या आणि पचनाला गेलेल्या लाल दिसाव्यात, अशी सोय केलेली होती. लाल ठिपके दाखव, पेटी कायमची तुझी, असं प्रमुख बाई, बू हार्तिनी, म्हणाल्या होत्या. बू म्हणजे बाई.

ज्या दिवशी त्या बघायला येणार होत्या, त्या दिवशी सकाळी एनुंगने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळं हिरवंगार.

“भात लावलात की काय, तेह?” शेजारच्या टेबलावरच्या उजांगने विचारलं. तेह म्हणजे ताई.

“पोरं आळशी निघाली.”

“खायला काय घातलंत?”

“रोज ताजंच. पेटीत कुणी तरी द्रवाची बाटली ठेवली होती रात्रभर, बूचही सैल. शिळं म्हणून ओतून दिलं.”

उजांगने हातातलं भजं खाली ठेवलं. “ती मी ठेवली होती. द्रवात विरघळलेला ऑक्सिजन निघून जावा म्हणून. बाहेरचं ताजं घातलंत म्हणजे रोज सकाळी पोरांना हवा पाजलीत.”

“मग ती भट्ट्या कशाला मोडतील,” एनुंग म्हणाली.

दुपारी बू हार्तिनी आल्या. सूक्ष्मदर्शकाकडे वळायच्या आत एनुंगने सांगून टाकलं, “हिरवंच आहे, बू. चूक माझी. पुन्हा लावते.”

“आणि पेटी?”

“ते लाल दिसल्यावर बघा.”

या खेपेला तिने आदल्या संध्याकाळीच बाटली पेटीत ठेवली, बूच सैल केलं आणि वर चिठ्ठी डकवली: ‘शिळं आहे. ओतू नये.’

काही दिवसांनी बू हार्तिनी पुन्हा आल्या आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिल्या. हिरव्यात लाल ठिपके दाट पसरले होते.

“पेटी राहू दे तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

चहाला उजांगने भज्यांची पुडी पुढे केली. “कालची आहेत, तेह.”

“तुझ्या पेशींना घाल,” एनुंग म्हणाली आणि ताजी आणायला खाली गेली.