डाव्या हाताने उघडणारा चाकू

मी जनावरांची डॉक्टर आहे. बारामतीत राहते आणि स्कूटीवरून पार इंदापूर तालुक्यातल्या गावांपर्यंत फिरते. दावं कापायला, पेंडीचं पोतं फाडायला, औषधाच्या खोक्याची पट्टी तोडायला खिशात मिटणारा चाकू लागतोच. माझा चाकू जुन्या पद्धतीचा होता. पात्यावर बारीक खाच असते. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख खाचेत घालून पातं ओढायचं. तो चाकू कसा उघडतो याचा विचार मी बारा वर्षांत एकदाही केला नव्हता.

मागच्या गळीत हंगामात एका सकाळी माळेगाव बुद्रुकच्या अलीकडे रस्त्यात लोक जमलेले दिसले म्हणून थांबले. उसाने भरलेल्या टायरगाडीचा एक बैल घसरून गुडघ्यांवर बसला होता आणि जुवाचा पट्टा त्याच्या नरड्यात रुतला होता. जीभ बाहेर आलेली. जोडीचा बैल बिथरून जू वर ओढत होता, तसा पट्टा आणखी आवळत होता. मी उजव्या हाताने पडलेल्या बैलाचा जबडा उचलून धरला, थोडी तरी हवा जावी म्हणून. डाव्या हाताने चाकू काढला आणि तिथंच अडले. आम्हा डॉक्टरांची नखं कायम कापलेली. मूठ दातांत धरली, खाचेत नख घातलं, निसटलं. पुन्हा घातलं, पुन्हा निसटलं.

गाडीवान साठीच्या पुढचा होता. तो गाडीमागून कोयता घेऊन आला. "सरका बाई," म्हणाला, आणि एका ओढीत पट्टा तोडला. बैल कलंडला, खोकला, थोड्या वेळाने उठून उभा राहिला.

"आबा, माझा चाकू उघडंना," मी म्हणाले.

"आमच्या कोयत्याला उघडावं लागत न्हाय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो बैलाची मान चोळत होता.

बैल वाचला, मला कुणी बोल लावला नाही. तरी घरी आल्यावर भांडी घासताना डावा हात आपोआप मिटायचा, उघडायचा.

आठवड्याने मी नवा चाकू घेतला. त्याच्या पात्याला बुडाशी एक बोंड होतं, ते अंगठ्याने ढकललं की पातं उघडायचं. पण बोंड एकाच बाजूला, उजव्या अंगठ्यासाठी. माझा उजवा हात तर नेहमी जनावरावर असतो. मग मुठीवरचं बटण दाबलं की स्प्रिंगने उघडणारा एक आणला. तो इंदापूर रस्त्यावर गतिरोधकावर कोटाच्या खिशातच उघडला. कोट फाटला, मांडीवर वीतभर ओरखडा उठला. तोही कपाटात गेला.

तिसऱ्याला पाठीमागे छोटी जीभ होती. तर्जनीने ती दाबली की पातं खट्कन बाहेर. डावा हात असो की उजवा, त्याला फरक पडत नव्हता. हा मला आवडला, आणि नको इतका आवडला. डाळ शिजेपर्यंत, फोनवर बोलताना, स्कूटीत पेट्रोल भरायच्या रांगेत माझं खट्, खट् सुरू.

नवरा लोणी देवकरच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. एका संध्याकाळी तो वैतागला.

"दिवसभर कटरच ऐकतो मी. घरी तरी नको."

"सवय करतेय हाताला."

"कशाची सवय? तो बैल उठून गेला की कधीच."

मी चाकू मिटला. थोड्या वेळाने बाल्कनीत जाऊन पुन्हा उघडला.

त्यानंतर निरवांगीहून एका मावशीचा फोन आला. त्यांच्या कालवडीच्या मानेत दावं रुतून जखम झाली होती. मी पोचले तेव्हा मावशी एकट्याच घरी होत्या. त्यांनी कालवडीला गोठ्याच्या खांबाशी, मेढीशी, जवळ घेतलं, एक हात तिच्या शिंगाजवळ, एक मेढीवर. मी दाव्याखाली उजवी बोटं सरकवली आणि डाव्या हाताने तिच्या कानाशीच चाकू उघडला. खट्.

कालवड उसळली. तिच्या डोक्याखाली मावशींचा हात मेढीवर चेंगरला. त्या ओरडल्या नाहीत, नुसता श्वास आत घेतला. मी दावं कापलं, चाकू फेकला आणि त्यांचा हात पाहिला. करंगळी आणि शेजारचं बोट सुजायला लागलं होतं.

"डाक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "आदी सांगायचं तरी. मुक्या जनावराला काय ठावं, तुमी मारताय का सोडवताय."

कालवडीची जखम धुऊन औषध लावलं आणि मावशींना स्कूटीवर बसवून इंदापूरला हाताचा एक्स-रे काढायला नेलं. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. वाटेत त्या त्यांच्या लेकीच्या नोकरीबद्दल बोलत राहिल्या. मला वाटतं, माझ्यासाठीच बोलत होत्या.

त्या दिवशी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "माळेगावला नख लागलं नाही, की तुझा हात घाबरला?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. इतके महिने मी चाकूलाच दोष देत होते, कारण चाकू बदलता येतो.

तरी चाकू बदललाच. आताच्या पात्याला आरपार गोल भोक आहे. कोणत्याही हाताचा अंगठा त्यात टेकवून पातं हळू सरकवता येतं, ओल्या हातानेही, आणि आवाज जवळजवळ नाही. उघडायला त्या खटक्यापेक्षा वेळ जास्त लागतो. मला हाच पटला. नवऱ्याला तो मंद वाटतो. त्याला विचाराल तर अजूनही सरकपट्टीचा कटरच बरा.

महिन्याभरापूर्वी मावशींच्या कालवडीची जखम बघून परतताना रस्त्याकडेच्या भाजीच्या वावरात एक शेळी नायलॉनच्या जाळीत मान अडकवून लटपटत होती. आसपास कुणी नव्हतं. मी तिला उजव्या काखेत दाबलं, तिच्याशी काहीबाही बोलत राहिले आणि डाव्या अंगठ्याने पातं सरकवलं. जाळीचे चार-पाच दोरे तुटले, शेळी सुटली आणि मागे न बघता पळाली. मी बांधावर बसले. पुढच्या गावात एक म्हैस माझी वाट बघत होती, पण स्कूटी चालवण्याइतकी दोन्ही हातांची बोटं स्थिर व्हायला बराच वेळ गेला.