नुसती चव बघितली, खाल्लं कुठं?

"मावशी, तुमचं फॉस्फरस फार वाढलंय," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. "शेंगा, सुकामेवा खाता का?"

"न्हाय ओ! शेंगेला तोंड लावत न्हाय मी," मी ठासून सांगितलं.

सोलापुरात आमचा शेंगाचटणीचा घरगुती धंदा आहे. उखळात कुटून विकतो. डायलिसिस सुरू झालं तेव्हाच मी ताटात चटणी वाढून घेणं बंद केलं होतं. त्यामुळं आपण अगदी खरं बोलतोय असंच मला वाटत होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. फॉस्फरस खाण्यातून येतं. किडनी चांगली असली की जास्तीचं लघवीवाटे जातं. किडनी निकामी झाली की ते रक्तात साचतं, आणि डायलिसिसच्या मशीनलाही ते सगळं काढता येत नाही. मग हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात. अंगाला खाज सुटते.

खाज! त्या खाजेनं माझी अब्रू घालवली होती. पाठ, दंड, पोटऱ्या, खाजवून खाजवून रक्त यायचं. एकदा पुड्या बांधताना हात आपसूक दंडावर गेला. समोरच्या बाईनं बघितलं, पुढं केलेली पिशवी मागं घेतली आणि "येते परत" म्हणून निघून गेली. ती काय परत येतीय! खायचा जिन्नस विकणारी बाई आणि अंगभर ओरखडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं ब्लाउज घालून आतल्या खोलीतच बसायला लागले.

डॉक्टरांनी फॉस्फेट बाइंडरच्या गोळ्या दिल्या. बाइंडर म्हणजे धरून ठेवणारं औषध. जेवणातलं फॉस्फरस ते पोटातच धरतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. म्हणून गोळी जेवतानाच घ्यायची, उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही. मी न चुकता घेत होते. तरी पुढचा रिपोर्ट तसाच आला.

"मावशी, गोळ्या खरंच घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं. मला रडूच कोसळलं.

सोबत माझी सून होती, महादेवी, मैंदर्गीची. ती हळूच म्हणाली, "आत्या, तुमी चव बघता की दिवसभर."

"चव बघणं म्हंजे खाणं व्हय गं?" मी तिच्यावर खेकसले.

शेंगा नीट भाजल्या का बघायला चार दाणे दाताखाली. मीठ बघायला तळहातावर चिमूट, तिखट बघायला आणखी एक. उखळात नवा घाणा टाकला की पुन्हा तेच. ताट घेऊन बसलं तरच खाणं, असा माझा हिशेब.

"मावशी, त्या सगळ्या चिमटींची वाटी भरेल," डॉक्टर म्हणाले. "आणि त्या चिमटीसोबत तुम्ही गोळी कुठं घेता?"

बाकावरचे पेशंट ऐकत होते. मला मान वर करवेना.

घरी आल्यावर महादेवी म्हणाली, "आजपास्नं मी बघते चव." ते मात्र मला लई लागलं. गिऱ्हाईक येतं ते माझ्या हाताच्या चवीसाठी, ही काल आलेली पोर काय सांगणार? दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पण खाजेनं जीव नकोसा केला होता. शेवटी उखळाजवळून उठले आणि तिला तिथं बसवलं. ती म्हणाली, "मीठ बास." मला वाटलं, कमीच असणार. जीभ नुसती शिवशिवत होती. तोंडाला पदर लावून बसले.

पुढच्या रिपोर्टात फॉस्फरस उतरलं. हळूहळू खाजही कमी झाली, आणि मी परत बाहेर गिऱ्हाइकासमोर बसायला लागले.

तुमच्यापैकी कुणाला डायलिसिस चालू असेल तर एवढं ऐका. डॉक्टरांनी खाणं विचारलं की नुसतं जेवण सांगू नका. दिवसभरात तोंडात काय काय जातं ते सगळं सांगा. लाज वाटेल, तरी सांगा.

चटणीचं म्हणाल तर मी रोज वाट बघत होते, कुणीतरी म्हणेल, "मावशी, पयल्यासारखी चव न्हाय." कुणी म्हणालं नाही. उलट एक जुनं गिऱ्हाईक पुडी घेताना म्हणालं, "मावशी, तुमच्या हाताला तोड न्हाय बघा!"

महादेवी शेजारीच होती. खाली मान घालून पुड्या बांधत राहिली.

"माझा न्हाय ओ," मी म्हणाले, "हिचा हात हाय." म्हणताना कान तापले होते माझे.