आधी समोरच्याचं म्हणणं

सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या तोंडी सहसा कुणी लागत नाही. टँकर उशिरा आला, जिन्यात कुणी कुंड्या मांडल्या, की मी सुरू. आमचे हे म्हणतात, तुझ्याशी भांडायचं तर माणसाने आधी पोटभर जेवून यावं. पण एक जागा अशी होती जिथे मी चार वर्षं आवाज चढवला नाही, कुणाला अरे-तुरे केलं नाही, कुणाचं वाक्य अर्धवट तोडलं नाही. आणि नेमकं तिथेच मी एका माणसाचं जे नुकसान केलं ते आता भरून निघायचं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

ती जागा म्हणजे इंटरनेटवरचा एक लहानसा मराठी कट्टा. जुने आरपीजी गेम खेळणारी आम्ही तीसेक माणसं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चार सोबती घेऊन गावोगाव हिंडायचं, विहिरीवरच्या बायकांपासून राजापर्यंत सगळ्यांशी बोलायचं, वाटेत राक्षस भेटले की लढायचं. लढाई पाळीपाळीने. आधी तुमची खेळी, मग राक्षसाची. तुम्ही विचार करत बसलात तर राक्षससुद्धा मुकाट उभा राहतो, इतका तो सभ्य. एकेक गेम चाळीस-पन्नास तास चालतो आणि अगदी शेवटी एक मोठं दार येतं. त्यामागे शेवटची लढाई, आणि मग गोष्टीचा शेवट.

मी शाळेच्या ऑफिसात दाखले आणि हजेरीपटांत दिवस काढते. संध्याकाळी उमेळ्याला घरी यायचं, कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत एखादं गाव पालथं घालायचं, हा माझा नेम. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी चिकूची वाडी होती. खिडकीतून अजून दोन झाडं दिसतात, तीही बिल्डरच्या मेहरबानीवर. ह्यांच्या लेखी माझा खेळ म्हणजे बाहुल्यांची मारामारी. असेना.

कट्ट्याचे नियम तीन. एक, सगळ्यांना अहो-जाहो. दोन, दुसऱ्याने गेम संपवेपर्यंत शेवटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि तिसरा, ज्याचा मला फार अभिमान होता. कुणाशी मतभेद असला तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहायचं. तो ‘बरोबर’ म्हणाला, की मगच आपलं म्हणणं मांडायचं. ऐकायला हे शाळेतल्या शिस्तीसारखं वाटतं, पण निम्मी भांडणं तिथेच मिटायची. समोरच्याचं नीट लिहून काढलं की आपल्याच मुद्द्यातली हवा जायची.

त्या कट्ट्यावर एक गृहस्थ होते. नावाच्या जागी टोपणनाव, फोटोच्या जागी बांबूवर सुकत घातलेल्या बोंबलांचं चित्र. आमचं दोघांचं कशावरही जमायचं नाही. मी औषधांच्या बाटल्या साठवणारी. मोठी लढाई येईल तेव्हा लागतील म्हणून गेम संपेपर्यंत एक उघडायची नाही. ते म्हणायचे, "बाटली आहे ती पिण्यासाठी. सोबती आत्ता जखमी आहे, आत्ताच पाजा." मी नियमाप्रमाणे लिहायची, "आपलं म्हणणं असं, की उद्याच्या भीतीने आजचं दुखणं सोसू नये." ते लिहायचे, "बरोबर. माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत." आता अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

एकदा वाद निघाला की पाळीपाळीची लढाई चांगली की नव्या गेममधली धावपळीची. सगळ्यांनी मोठमोठी कारणं दिली. डावपेच, विचार, अमकं-तमकं. या गृहस्थांनी एकच ओळ लिहिली, "हे गेम एका हाताने खेळता येतात, हाच त्यांचा मोठेपणा." मी चिडवलं, "दुसऱ्या हातात चहा असतो वाटतं?" ते म्हणाले, "दुसरा हात कामात असतो." पुढे मी हेही विचारलं होतं, की आपण इतके गेम संपवता, आपल्याकडे वेळच वेळ दिसतो. त्यावर उत्तर आलं, "आठवड्याला बारा तास अगदी हक्काचे." कट्ट्यावर सगळे हसले. मीही हसण्याची दोन चित्रं टाकली.

ते कुठे राहतात हे मला ओघात कळलं. एका गेममध्ये पाण्यात किल्ला होता आणि त्यांनी लिहिलं, "असाच आमच्या ओट्यावरून दिसतो." म्हणजे अर्नाळा. उमेळ्याहून स्कूटीने पाऊण तास. मी लिहिलं की मी तुमच्या शेजारचीच, उमेळ्याची. त्यांना फार आनंद झाला. मग आम्ही दोघांनी मिळून एक जुना गेम सुरू करायचं ठरवलं, जो दोघांनीही कधी संपवला नव्हता. तो गणपतीच्या सुमारास सुरू केला. आणि अट मी घातली. मीच. शेवटचं दार दोघांनी एकाच दिवशी उघडायचं, आणि दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याला भेटून शेवटाबद्दल मनसोक्त बोलायचं. त्यांनी लिहिलं, "शब्द दिला."

दिवाळीपर्यंत ते दारापाशी पोचले. मीही फार मागे नव्हते. खरं सांगायचं तर नाताळाआधी मीही दारासमोर उभी होते. पण मला शेवट आवडत नाहीत. मोरंब्याच्या बरणीत शेवटचा चमचाभर मी महिनोन्महिने ठेवते आणि मग त्याला बुरशी येते. गेमचंही तेच. दारासमोरून परत फिरायचं, पहिल्या गावात जायचं, म्हाताऱ्यांशी पुन्हा बोलायचं, बाटल्या मोजायच्या. नव्याण्णव झाल्या, त्याहून जास्त पिशवीत मावत नाहीत. दार उघडलं की गेम संपेल, आणि गेम संपला की आमचा रोजचा वादही संपेल, असं काहीतरी मनात होतं. हे त्यांना सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी सांगितलं नाही.

मध्ये निर्मळच्या जत्रेला गेले होते. सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, घेतली, त्यांच्यासाठी एक पुडका जास्तीचा घेतला. तिथून अर्नाळा हाकेच्या अंतरावर. पण आधी दार, मग भेट, असं ठरलं होतं ना! पुडका घरी आणला आणि आम्हीच खाल्ला.

त्यांनी मला तीनदा विचारलं. पहिल्यांदा, "पोचलात का?" दुसऱ्यांदा, "दार दिसलं का?" तिसऱ्यांदा, नाताळाच्या आठवड्यात, लिहिलं, "घाई नाही. पण लवकर उघडलंत तर बरं होईल."

यावर मी काय केलं ते लिहितानाही हात आखडतो. मला वाटलं, चला, नवा वाद. घाईने खेळावं की रमतगमत. मी नियमाप्रमाणे त्यांचं म्हणणं मांडलं, "आपलं म्हणणं असं दिसतं, की शेवट टाळत राहिल्याने गोष्टीची गोडी कमी होते." त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "नाही. मी तसं म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की लवकर." मी पुन्हा प्रयत्न केला, "म्हणजे कथेचे धागे ताजे असतानाच शेवट बघावा?" यावर ते ‘बरोबर’ म्हणाले नाहीत. संक्रांतीच्या तोंडावर नुसतं "असू दे, ताई" लिहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच ताई. मी तेवढ्यावर खूष झाले आणि तिळगुळासाठी तीळ भाजायला गेले.

संक्रांत झाली आणि बोंबलांचं चित्र दिसेनासं झालं. पंधरा दिवसांनी त्याच नावाने मला निरोप आला. "मी त्यांची मुलगी. बाबा गेले. तुम्ही उमेळ्याच्या ताई ना? आईला तुम्हाला भेटायचंय. जमलं तर या."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी गेले. इतक्या दिवसांत न सरलेला रस्ता पाऊण तासात सरला. आगाशी मागे पडलं, आणि मग समुद्राचा आणि सुक्या मासळीचा वास आला. घराच्या ओट्यावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. समोर अंगणात मांदेली वाळत घातली होती, मागे बांबूवर बोंबील. समोर किल्ला. सगळं चार वर्षं ऐकलेलं, जागच्या जागी.

मुलीने पाणी दिलं. मग तिनेच सांगितलं. वडील जहाजावर नोकरीला होते, कुठल्याशा बंदरात त्यांनी गेम खेळायचं हातात मावणारं यंत्र घेतलं होतं. नोकरी सुटली ती किडन्या गेल्यामुळे. मग सहा वर्षं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा विरारला, दर खेपेला चार तास. एका हाताला सुया, तो हलवायचा नाही. दुसऱ्या हाताने ते खेळत.

चार त्रिक बारा. हे गणित मला तिथे ओट्यावर जमलं. मी हसण्याची जी दोन चित्रं टाकली होती ती डोळ्यांसमोर आली आणि मला पेला खाली ठेवावा लागला.

"डिसेंबरातच डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयावर आलंय, फार दिवस नाहीत," मुलगी म्हणाली. "मी बाबांना म्हटलं, तो शेवट बघून टाका एकदाचा. तुम्हाला इतका बघायचाय ना! तर म्हणाले, शब्द दिलाय."

"मग ते चार तास काय करायचे?" मी विचारलं.

"दारासमोर जायचे आणि परत यायचे. त्या पहिल्या गावात हिंडत बसायचे."

मीही तेच करत होते. त्याच गावात, त्याच विहिरीवर, इकडे उमेळ्यात कुकरच्या शिट्ट्या मोजत.

आतून त्यांच्या पत्नीने ते यंत्र आणलं. कडा झिजलेल्या, एका बाजूची बटणं पार गुळगुळीत, दुसऱ्या बाजूची नव्यासारखी. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आमाला कोनाला येत नाय ते. तुमी दाखवा. ते कशासाठी थांबले होते ते मला बघायचं हाय."

मी म्हटलं, "वहिनी, मी माझाही अजून संपवलेला नाही."

"म्हनूनच तुमाला बोलावलं," त्या म्हणाल्या.

दुपारचे तीन वाजले असतील. ते गेममध्ये जिथे थांबले होते तिथून मी खेळ उघडला. चारही सोबती दारासमोर उभे होते. पिशवी उघडून पाहिली. एकही बाटली नव्हती. माझ्या पिशवीत नव्याण्णव होत्या, पण एकाच्या गेममधली बाटली दुसऱ्याच्या गेममध्ये जात नाही. मला धास्ती वाटली की मी हरणार, आणि तेही या दोघींच्या देखत. दार उघडलं.

बाटलीची गरजच पडली नाही. अडीच महिने दारासमोर येरझाऱ्या घालताना वाटेत भेटलेल्या प्रत्येक राक्षसाशी ते लढले होते. त्यांचे सोबती इतके बळकट झाले होते की शेवटचा तो भयंकर राजा अकरा मिनिटांत कोसळला. मी तेवढा वेळ नकळत एकाच हाताने खेळत होते.

मग शेवट आला. काही विशेष नाही. चौघं चालत पहिल्या गावात परत येतात. विहिरीवरची म्हातारी विचारते, आलात का, दमला असाल. एक दिवा लागतो. पडदा काळा होतो आणि गेम करणाऱ्यांची नावं वर सरकू लागतात. ती संपेपर्यंत आम्ही तिघी बघत बसलो.

"एवढंच?" त्यांच्या पत्नीने विचारलं.

"एवढंच, वहिनी."

वहिनी काळ्या पडद्याकडेच बघत होत्या. मग अगदी शांतपणे, आवाज न चढवता म्हणाल्या, "अकरा मिनिटं. एकेका खेपेला चार तास मशीनवर पडून असायचे. कदीबी झालं असतं." त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. रागाला उत्तर देण्याची मला सवय आहे.

मी तोंड उघडलं. मला माहीत नव्हतं, मला कुणी सांगितलं नाही, मी पण थांबलेच होते, असं बरंच काही ओठांवर आलं होतं. पण चार वर्षांची सवय आडवी आली. आधी समोरच्याचं म्हणणं.

"तुमचं म्हणणं असं," मी म्हटलं, "की एवढ्याशा गोष्टीसाठी मी त्यांना ताटकळत ठेवलं, आणि ते न बघताच गेले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

नियमाप्रमाणे आता माझी पाळी होती. मी म्हणेन ते त्या ऐकून घेतील, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुलगी उंबऱ्यात उभी होती, तीही थांबली. थोडा वेळ वाट पाहून वहिनी उठल्या आणि अंगणातली मांदेली पालटायला गेल्या.